पोस्त, बक्षिसी आणि बोनस

'पोस्त' हा शब्द आपल्या सोसायटीत आता सत्तरी गाठलेल्यांच्याच तोंडी उरला आहे. बाकीचे 'दिवाळी' म्हणतात. "वॉचमनला दिवाळी दिली का?" असं विचारतात. सणाचं नावच पैशाला पडलं. तरुण मंडळी 'टिप' म्हणतात, ऑफिसातले 'बोनस' म्हणतात, आणि हिंदी बोलणारे आपले शेजारी 'बक्षीस' म्हणतात. वरवर पाहता सगळ्यांचा अर्थ एकच: ठरलेल्या पगारावर किंवा दरावर, काम करणाऱ्या माणसाला दिलेले थोडे जास्तीचे पैसे. पण शब्द वेगळे आहेत म्हणजे त्यांच्या वाटाही वेगळ्या असणार. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असं कमिटीनं सांगितलं, तेव्हा सोसायटीचा इतिहास इतर मंडळी लिहितीलच, आपण या पैशांचा इतिहास लिहावा असं मनात आलं. कारण गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या भागात या पैशांसाठी माणसं भांडली आहेत, संप झाले आहेत, गोळीबारही झाला आहे.

गावाकडून आलेली रीत

मुंबईत आलेली आपली आजोबा-पणजोबांची पिढी कोकणातून, घाटावरून आली. गावात पगार हा प्रकार फारसा नव्हता. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, गुरव हे बलुतेदार वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्याचा आपला वाटा न्यायचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या पुस्तकात ही सगळी व्यवस्था बारकाईनं नोंदवलेली आहे. बलुतं हा हक्क होता, पण त्याला दुसरी बाजूही होती. कामाचं माप ठरलेलं नव्हतं आणि धान्याचं माप देणाऱ्याच्या हातात होतं. सणासुदीला वर मिळायचं ते नारळ, जुनं धोतर, लुगडं, फराळ. बाळंतपण केलेल्या सुईणीला खण-नारळ आणि तांदूळ. लग्नात वाजंत्र्यांना वेगळं. यालाच कुठे खुशी म्हणत, कुठे ओवाळणी, कुठे पोस्त.

या रीतीचा सर्वांत कडू घास महार समाजाच्या वाट्याला आला. गावाचं आणि सरकारचं पडेल ते काम करायचं आणि मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन, थोडं बलुतं आणि दारोदारची भाकरी घ्यायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या काळात आपल्याच परळमध्ये बी.आय.टी. चाळीत राहत होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत त्यांनी शिळं-उष्टं घेणं सोडा असं आपल्या लोकांना निक्षून सांगितलं आणि १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनात सुधारणा करणारं विधेयक मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की जिथे काम सक्तीचं आणि मोबदला मर्जीचा, तिथे माणूस गुलाम राहतो. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं रद्द करण्यासाठी मात्र १९५८ साल उजाडावं लागलं. आज दिवाळीनंतर उरलेला, मऊ पडलेला चिवडा आपण कामवाल्या मावशींच्या पिशवीत भरतो, तेव्हा हा इतिहास लक्षात ठेवायला हवा. फराळ द्यायचा तर आपल्या पाहुण्यांना देतो त्याच डब्यातला, त्याच दिवशी द्यावा.

गिरगावातलं मागचं दार

मुंबईत आल्यावर रीत तीच राहिली, फक्त धान्याची जागा नाण्यांनी घेतली. गिरगावातल्या वाड्यांमधून आणि चाळींमधून दिवाळीच्या आठवड्यात एक ठरलेली रांग लागायची: पोस्टमन, दूधवाला, पेपरवाला, परीट, गुरखा, नळाचं बघणारा आणि सफाई कामगार. पोस्टमनला द्यायची पोस्त हा तर शब्दखेळच झाला होता. गावाकडे मनीऑर्डर पोचल्याची सही केलेली पावती तोच आणून द्यायचा, त्यामुळे त्याला नाही म्हणायची कुणाची हिंमत नसे.

पण देण्याची पद्धत सगळ्यांना सारखी नव्हती, हे आज सांगितलं पाहिजे. गिरगावातल्या कित्येक जुन्या इमारतींना मागच्या बाजूला लोखंडी गोल जिना असे. अजूनही काही ठिकाणी त्याचे गंजलेले अवशेष दिसतात. तो जिना सफाई कामगारांसाठी होता. पोस्टमनला पुढच्या दारात बसवून चहा मिळायचा आणि सफाई करणाऱ्याला मागच्या दारात, हाताला हात लागणार नाही अशा बेतानं, वरून पैसे टाकले जायचे. रक्कम कदाचित तेवढीच असेल. पण एकाला मान मिळाला आणि दुसऱ्याला नाही.

तीच गोष्ट नावांची. घरकामाला राहणाऱ्या कोकणातल्या गड्याला मुंबईत सरसकट 'रामा' म्हणत. त्याचं नाव पांडुरंग असो की भिकाजी, हाक 'रामा'चीच. मला याची आठवण अमेरिकेतल्या एका इतिहासामुळे झाली. तिथल्या पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या शयनडब्यांमध्ये काळे हमाल काम करायचे. प्रवासी त्या सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. पगार अगदी कमी आणि पोट टिपांवर. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकारानं त्यांनी संघटना उभी केली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. सात समुद्रांपलीकडे आणि आपल्या गिरगावात एकच गोष्ट दिसते. ज्याला टिपेवर जगायला लावतात, त्याचं नाव विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

खानावळ, इराणी आणि बडीशेपेची बशी

एकट्या राहणाऱ्या पुरुषांची मुंबई खानावळीवर जगली. गिरगाव-दादरला महिन्याच्या बोलीवर जेवणारे कारकून, विद्यार्थी आणि परळ-लालबागला गिरणी कामगार. महिन्याचे पैसे ठरलेले, न जेवल्यास 'खाडा' धरायचा. अशा ठिकाणी रोजची टिप संभवतच नाही. वाढपी रोजचाच, घरच्यासारखा. त्याला आणि आचाऱ्याला पोस्त दिवाळीलाच. गिरणगावातल्या खानावळी तर बहुतेक बायकांच्या होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करायचा आणि पैसे गिरणीचा पगार झाला की मिळायचे. तोवर किराणा उधारीवर. या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांनी बक्षीस मागितलं नाही, पत मागितली.

इराण्याचा मामला वेगळा. तिथे गिऱ्हाईक आज आहे, उद्या नाही. बिल कागदावर नसायचंच. तुम्ही उठलात की पोऱ्या तिथूनच गल्ल्याकडे ओरडून हिशेब सांगायचा. टेबलावर ठेवायचे ते एक-दोन आणे. पुढे उडप्याच्या हॉटेलांत बडीशेपेची बशी आली. बिल त्या बशीत, उरलेली मोड त्या बशीत, आणि त्यातलं काय उचलायचं, काय ठेवायचं हा प्रत्येकाच्या स्वभावाचा प्रश्न. आमच्या पिढीतल्या अनेक मुलींनी लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत त्या बशीवरूनच माणूस ओळखला आहे, असं त्या सांगतात. पाच-दहा पैशांची नाणी गेली, २०११ च्या जूनअखेर चार आणेही अधिकृतपणे बाद झाले, आणि आता मोबाइलवरून पैसे देताना मोडच उरत नाही. ४८७ रुपयांचं बिल तर ४८७ रुपयेच जातात. पूर्वी तेरा रुपये आपसूक बशीत राहायचे. कुणीही कंजूष झालेलं नाही, तरी वेटरच्या खिशातले तेरा रुपये गेले.

याउलट मोठ्या हॉटेलांनी बिलातच 'सर्व्हिस चार्ज' लावायला सुरुवात केली. ते पैसे वाढणाऱ्याला मिळतात की मालकाला, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी असा चार्ज आपोआप लावण्यास मनाई केली, आणि हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. म्हणजे टिप ही गिऱ्हाइकाच्या खुशीची, हे कायद्यानंही मान्य केलं. ठीक आहे. पण मग वाढणाऱ्याचा पगार कुणाच्या खुशीवर ठेवायचा नाही, हा याच निकालाचा दुसरा अर्थ असायला हवा. अमेरिकेत टिप घेणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच थांबलेलं आहे. उरलेलं टिपांतून भरून निघेल असं गृहीत धरलेलं. जपानमध्ये उलट, टिप ठेवली तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतो. तिथे चांगली सेवा हा कामाचाच भाग समजतात. आपण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहोत.

उलटी पोस्त

पोस्त नेहमी वरून खाली जाते असं समजू नका. गिरणगावात ती खालून वरही जायची. गिरणीत भरती करणारा जॉबर किंवा मुकादम असे. बदलीवाला सकाळी गेटवर उभा राहायचा, आणि कुणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवायचा. त्याला द्यायची ती 'दस्तुरी'. दस्तूर म्हणजे रिवाज. म्हणजे लाचेला रिवाजाचं नाव. बायकांच्या खात्यात हेच काम नायकिणी करायच्या. १९३१ साली कामगारविषयक शाही आयोगानं, म्हणजे व्हिटली कमिशननं, आपल्या अहवालात जॉबरच्या या वसुलीवर बोट ठेवलं होतं.

'चहापाणी' आणि 'चिरीमिरी' हे शब्दही याच रस्त्यानं बिघडले. काम झाल्यावर आनंदानं दिलं ते चहापाणी. काम व्हावं म्हणून आधी द्यावं लागलं तेही चहापाणी. फरक फक्त आधी आणि नंतरचा. प्रसूतिगृहांत तर याचा फार वाईट नमुना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. मुलगा झाला की आया दारातच अडवून मोठी खुशी मागायची आणि मुलगी झाली की आवाज उतरायचा, रक्कमही उतरायची. बाळाच्या वजनाच्या आधी त्याचा भाव ठरायचा. आयांना दोष देऊन मोकळं होता येईल, पण मुलाला जास्त आणि मुलीला कमी देणारे हात आपल्याच घरांतले होते.

आज हीच 'आधीची' पोस्त मोबाइलमध्ये शिरली आहे. गाडी बोलावताना, ड्रायव्हर लवकर मिळावा म्हणून आधीच टिप कबूल करा, असं एका मोठ्या टॅक्सी अ‍ॅपनं सुरू केलं तेव्हा मे २०२५ मध्ये ग्राहक प्राधिकरणानं त्याला नोटीस काढली. गेटवरच्या बदलीवाल्यांना हे काही नवीन वाटलं नसतं.

बक्षिसीतून बोनस

आता मुख्य गोष्ट. बोनस हा शब्द आपण आज हक्कानं उच्चारतो. तो हक्क आपल्या भागातल्या माणसांनी मिळवला.

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, गिरण्यांना मात्र भरपूर नफा झाला. तेव्हा १९१७ मध्ये मालकांनी पगाराच्या १० टक्के 'वॉर बोनस' दिला, पुढे तो वाढवला. युद्ध संपल्यावर काही वर्षं वर्षाकाठी महिन्याच्या पगाराएवढा बोनस मिळत राहिला. कामगारांनी तो गृहीत धरला. गावचं कर्ज, मुलीचं लग्न, घराचं छप्पर या सगळ्याचे हिशेब त्यावर बसू लागले. मग धंदा मंदावला आणि मालकांनी १९२३ सालचा बोनस मिळणार नाही असं जाहीर केलं. जानेवारी १९२४ मध्ये संप सुरू झाला आणि बघता बघता सगळ्या गिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. मार्चमध्ये पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले. सरकारनं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा रिवाजानं, कायद्यानं वा न्यायानं कोणताही वसूल करता येण्याजोगा हक्क नाही. म्हणजे बोनस ही बक्षिसी. मालकाची इच्छा असेल तर देईल, नसेल तर नाही. संप मोडला. माणसं रिकाम्या हातांनी परत कामावर गेली.

पण प्रश्न मिटला नाही. पुढची पंचवीस वर्षं तो वर्षानुवर्षं लवादांसमोर येत राहिला. १९५० मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणानं एक सूत्र घालून दिलं. घसारा, राखीव निधी, कर, भांडवलावरचा वाजवी परतावा वजा जाता जे उरेल त्यात कामगाराचा वाटा आहे, कारण ती मिळकत त्याच्याही श्रमाची आहे आणि त्याचा पगार अजून पुरेसा नाही. बक्षिसी हा शब्द तिथे मागे पडला. १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला, आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. आधी किमान ४ टक्के, मग १९७२ मध्ये ८.३३ टक्के. आणीबाणीत तो पुन्हा ४ वर आणला, १९७७ मध्ये परत ८.३३ केला.

हा ८.३३ आकडा कुठून आला असं पुष्कळांना वाटतं. शंभराला बारानं भागून पाहा. वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार. घरगड्याला, दूधवाल्याला दिवाळीला महिन्याचे पैसे वर द्यायचे ही जी जुनी रीत, तिचंच माप कायद्यात जाऊन बसलं. आपले डबेवाले आजही गिऱ्हाइकांकडून दिवाळीला एक महिन्याचे जादा पैसे घेतात. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यात बारा महिने डबा पोचवायचा आणि तेरा महिन्यांचे पैसे घ्यायचे असा साधा हिशेब आहे. त्यात कुणी उपकार करत नाही आणि कुणी मिंधा होत नाही.

१९८२ च्या संपाची ठिणगीही बोनसचीच होती, हे विसरायला होतं. ऑक्टोबर १९८१ मध्ये प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार बोनसच्या तक्रारीवरून डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, आणि १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे काय झालं ते या परिसरातल्या कुणालाही सांगायला नको. गिरण्या गेल्या. चिमण्या पडल्या. त्या जागी टॉवर आले. गिरणीत बोनस घेणाऱ्या कित्येक घरांतली माणसं सुरक्षारक्षक, कुरिअरवाले, धुणं-भांडीवाल्या झाली. म्हणजे बोनसमधून पुन्हा पोस्तमध्ये आली. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. बोनसच्या पाकिटावर त्यांचं नाव आणि तिकीट नंबर छापलेला असे, आणि ते पाकीट रिकामं झाल्यावरही आई जपून ठेवायची. त्यांच्याच बरोबरीचे एकजण नंतर एका इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. दिवाळीला लिफ्टमधून उतरणारी माणसं त्यांच्या हातात नोट ठेवायची. त्यावर कुणाचं नाव नसायचं.

कायदा जिथे पोचत नाही

बोनसचा कायदा २० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला लागू होतो. आपल्यासारख्या सोसायट्यांत एवढी माणसं नसतात. महापालिकेच्या कामगारांनाही तो कायदा लागू नाही, म्हणून त्यांना दर दिवाळीला मिळते त्या रकमेचं अधिकृत नाव 'सानुग्रह अनुदान' असं आहे. २०२४ मध्ये ती रक्कम २९ हजार रुपये होती. रक्कम बरी आहे, पण नावात अजून 'अनुग्रह' आहे, आणि दरवर्षी ती जाहीर होईपर्यंत वाट पाहावी लागते. कंत्राटी सफाई कामगारांना तर कामगार म्हणून मान्यता मिळवण्यासाठीच कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या पाठीशी उभं राहून वर्षानुवर्षं कोर्टात लढावं लागलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांतल्या २,७०० जणांच्या बाजूनं निकाल दिला.

घरकाम करणाऱ्या बायकांचंही तसंच. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: पगारात वाढ, हक्काच्या सुट्ट्या आणि दिवाळीला बोनस. आज दिवाळीला महिन्याचा पगार जास्त द्यायचा हे अनेक घरांत सवयीचं झालं आहे, त्यामागे हा संप आहे. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरीही त्यांचा बोनस अजून रिवाजावरच आहे. गंमत म्हणजे 'ग्रॅच्युइटी' हा इंग्रजी शब्द मुळात बक्षिसीचाच. त्या भाषेत टिपेलाही तोच शब्द आहे. १९७२ च्या कायद्यानं त्याचा हक्क झाला, दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार. शब्द तोच राहिला आणि अर्थ बदलला. म्हणजे बदलता येतो.

आपली सोसायटी

आता थोडं आपल्याबद्दल. सोसायटी झाली तेव्हापासून आपल्याकडे पोस्तीची एक वही आहे. वसुबारसेच्या आधी कमिटीतला एखादा सभासद ती घेऊन दारोदार जातो. कुणी पाचशे लिहितं, कुणी शंभर, कुणी "आम्ही वेगळे देतो" म्हणतं, कुणाचं दार बंद असतं. मग जमलेले पैसे वाटले जातात. यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण पंचवीस वर्षांत तीन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली, आपली अर्धी माणसं आता एजन्सीची आहेत. वॉचमन दर काही महिन्यांनी बदलतो. त्यामुळे ऐन पावसात गेट सांभाळणारा एक आणि दिवाळीला पाकीट घेणारा दुसरा, असं होतं. दुसरी, भाड्यानं राहणारी बिऱ्हाडं वाढली. त्यांच्याकडे वही जात नाही किंवा गेली तरी त्यांना परकं वाटतं. तिसरी, जिन्यातली, लिफ्टमधली गाठभेट कमी झाली. ज्याचं तोंड ओळखीचं त्याला मिळतं. पहाटे पाचला येऊन आपण उठायच्या आत कचरा उचलून जाणाऱ्या ताईंचं तोंड आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे?

माझी सूचना अशी आहे. आपल्या मासिक बिलात 'सेवा शुल्क' नावाचं एक सदर असतंच. वॉचमन, सफाई, लिफ्ट यांच्या पगाराचा खर्च त्यातच बसतो आणि तो सगळ्या सदनिकांना सारखा असतो. पोस्त त्यातच घ्यावी. वर्षाला तेरा पगार धरून अंदाजपत्रक करावं. समजा चार माणसं आहेत आणि प्रत्येकाचा पगार १५ हजार आहे, तर एका महिन्याचे ६० हजार होतात. साठ घरांत वाटले तर घरामागे वर्षाला एक हजार, महिन्याला ८३ रुपये. जो माणूस वर्षात पाच महिने राहिला त्याला पाच महिन्यांचा हिस्सा द्यावा, आणि सोडून गेला असेल तर जातानाच द्यावा. एजन्सीचा असो वा आपला, फरक करू नये. पैसे एजन्सीमार्फत न देता थेट त्याच्या नावानं द्यावेत, आणि पाकिटावर त्याचं पूर्ण नाव असावं. ऑफिसात बोलावून, खुर्चीवर बसवून, धनत्रयोदशीच्या आधी.

कुणी म्हणेल, मग खुशीनं देण्यात मजा काय राहिली? ती राहतेच. आजारपणात रात्री रिक्षा आणून देणाऱ्याला, मुलांच्या वाढदिवसाला खुर्च्या चढवणाऱ्याला ज्याचं त्यानं वेगळं द्यावं, भरपूर द्यावं. महिन्याचा हक्काचा पगार बाजूला काढून ठेवल्यावर वर जे देतो ती खरी बक्षिसी. हक्काच्या जागी बक्षिसी ठेवायची नाही, एवढंच.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. दिवाळी त्यानंतर येते. रौप्यमहोत्सवाच्या या वर्षात हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा असं पत्र मी सेक्रेटरींकडे दिलं आहे. ज्यांना पटत असेल त्यांनी सभेला यावं, ज्यांना पटत नसेल त्यांनी तर जरूर यावं. आणि येण्याआधी एक काम करावं: आपल्या इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव एका कागदावर लिहून पाहावं. जी नावं लिहिता येणार नाहीत, ती विचारून घ्यावीत.